एक टक्का

माझ्या बेस गिटारचं माप ८७२.६ मिलिमीटर आहे. अख्ख्या गिटारचं नव्हे, तारेच्या वाजणाऱ्या भागाचं. म्हणजे दांडीच्या डोक्याशी असलेल्या नटपासून खाली घोडीपर्यंतचं अंतर. बेस वाजवणाऱ्या कुणालाही हा आकडा सांगितला की तो विचारतो, "८६४ म्हणायचंय का तुला?" कारण ३४ इंच, म्हणजे जवळपास ८६४ मिलिमीटर, हे बेसचं रूढ माप. १९५१ साली कॅलिफोर्नियात लिओ फेंडरनं प्रिसिजन बेस बाजारात आणला, तेव्हापासून चालत आलेलं. हा फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्याआधी बेस म्हणजे माणसाहून उंच, उभ्यानं वाजवायचं, बिनपडद्याचं धूड. त्यावर सूर बोटानं शोधावा लागायचा. फेंडरनं दांडीवर पडदे ठोकले. बोट जरा मागेपुढे पडलं तरी सूर अचूक, म्हणून नाव प्रिसिजन.

माझ्या बेसमध्ये जास्तीचे ८.६ मिलिमीटर कुठून आले, त्याची ही गोष्ट.

इंजिनीअरिंगला असताना आमच्या बँडमध्ये मी बेस वाजवायचो. वाजवायचो म्हणजे काय, बाकीच्यांनी गिटार, ड्रम आणि माइक आधीच वाटून घेतले आणि उरलं ते माझ्याकडे आलं. पण नंतर मला ते आवडायला लागलं. बेस वाजत असतो तेव्हा कुणाचं लक्ष नसतं. थांबला की मात्र गाणं पोकळ होतं. आर. डी. बर्मनची गाणी आपण शेकडो वेळा ऐकलीत, पण त्यांच्याकडे बेस वाजवणाऱ्या टोनी वाझ यांचं नाव किती जणांना माहीत असतं?

कॉलेजातला बेस उधारीचा होता, तो परत गेला. नोकरी लागल्यावर नवा घेणं अवघड नव्हतं. तरी मी तो घरी बनवायला घेतला, याला कारण नोकरीच. आमच्या टीमनं अडीच वर्षं खपून केलेलं एक प्रॉडक्ट एका दुपारच्या मीटिंगमध्ये बंद झालं. कुणाची चूक नव्हती, गणित जमत नव्हतं. संध्याकाळपर्यंत सर्व्हर बंद झाले आणि अडीच वर्षांत मी काय केलं हे दाखवायला माझ्याकडे काही उरलं नाही. पगार चालू होता, काम बदललं, एवढंच. पण त्या आठवड्यात मला हातात धरता येईल असं काहीतरी करावंसं वाटलं.

यूट्यूबवर घरी गिटार बनवणाऱ्यांचा सुळसुळाट आहे. त्यातली सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट 'क्वीन'च्या ब्रायन मेची. ऑगस्ट १९६३ मध्ये सोळा वर्षांच्या ब्रायननं वडिलांबरोबर घरी इलेक्ट्रिक गिटार बनवायला घेतली. दांडीला शेकोटीवरच्या जुन्या फळीचं लाकूड वापरलं. पुढं आयुष्यभर तो तीच गिटार वाजवत राहिला. ते व्हिडिओ बघताना मला सारखं एक जाणवत होतं. माझ्याही घरात लाकडातलं कळणारे वडील होते, पण मी त्यांना विचारलं नाही.

बाबा पॅटर्नमेकर होते. ओतकामात वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओततात. तो साचा तयार करायला आधी त्या वस्तूची लाकडी प्रतिकृती लागते. पंपाचं घर असेल, व्हॉल्व्ह असेल, गिअरबॉक्सचं झाकण असेल, ते आधी कुणीतरी लाकडात घडवलेलं असतं. त्या प्रतिकृतीला पॅटर्न म्हणतात. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात बाबा हे काम करायचे. मी पाच-सहा वर्षांचा असताना तो बंद पडला. त्यानंतर बाबा एका बिल्डरकडे स्टोअरकीपर म्हणून लागले आणि तिथूनच रिटायर झाले. त्यांची हत्यारांची पेटी कोपरखैरण्याच्या आमच्या घरात माळ्यावर गेली. ती खाली आलेली मी कधी पाहिली नाही.

न विचारण्याचं कारण मात्र पेटी नव्हतं. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला वर्कशॉप असतं. फिटिंगचा एक जॉब, सुतारकामाचा एक जॉब. सुतारकामात आम्हाला हाफ लॅप जॉइंट होता. दोन पट्ट्या, दोन्हींची अर्धी जाडी खाचून एकमेकींत बसवायच्या. मी तो केलाच नाही. वरच्या वर्गातल्या एकाकडून दोनशे रुपयांना तयार जॉब घेतला, पॉलिश पेपर मारला आणि सही मिळवली. रात्री जेवताना घरी हसत हसत सांगितलं. सगळेच असं करायचे, म्हणून मला त्यात काही वाटलं नव्हतं. आई हसली. बाबांनी ताटातली भाकरी संपवली, हात धुतले आणि बातम्या लावल्या. ते काही बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला पुढं बऱ्याचदा वाटलं. अशा माणसाकडं जाऊन 'मला रंधा कसा मारायचा दाखवा' म्हणायला तोंड हवं ना!

तेव्हा मी एकट्यानंच सुरुवात केली. घणसोलीत एका भंगारवाल्याकडून जुन्या दाराची सागवानी चौकट मिळाली. तिचेच तुकडे जोडून धड केलं. दांडीसाठी सागाच्या तीन पट्ट्या, मधलीचा रेषा उलट्या दिशेनं ठेवून चिकटवल्या, म्हणजे एकीला वाकायचं झालं तर दुसरी अडवते. बेसच्या चार तारांचा ताण मिळून सत्तर-ऐंशी किलोंच्या घरात जातो. म्हणून दांडीच्या पोटात खाच पाडून एक पोलादी सळई घालतात, ट्रस रॉड. तो, घोडी, खुंट्या आणि पडद्यांची तार ऑनलाइन मागवली. पडदे ज्या फळीत बसतात ती शिसवीची. जगभरच्या गिटारींवर भारतातलं शिसवी लाकूड असतं, आणि मला ते एका फर्निचरवाल्याकडं उरलेल्या पट्टीत मिळालं.

काम ओट्यावर चालायचं, शनिवार-रविवार. बाबा पेपर वाचत दारात बसायचे. बघायचे की नाही कळायचं नाही. एका रविवारी मी रंधा मारायला घेतला, तर आदल्या दिवशी लाकूड ओरबाडणारं पातं लोण्यासारखं चाललं. मला वाटलं, हात बसला माझा. आईनं नंतर सांगितलं, पहाटे बाबा दगडावर धार लावत बसले होते.

त्याच वर्षी, २०२४ मध्ये, मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी आली. बाबांनी ती चहा पिताना मोठ्यानं वाचून दाखवली. आमचं गाव मिरजेच्या पुढं. लहानपणी गावी जाताना मिरजेला उतरलो की ते मला सतारमेकर गल्लीतून न्यायचे. गाण्यातलं त्यांना काही कळत नाही. त्यांना बघायची असायची ती जोडणी. पंढरपूरकडून येणारा वाळलेला भोपळा आणि वरची लाकडी दांडी यांचा सांधा किती बेमालूम बसलाय, हे ते बोटानं चाचपून बघायचे. ही सतारमेकर मंडळी मुळात शिकलगार, म्हणजे हत्यारं घडवणारी आणि त्यांना धार लावणारी. तलवारींचे दिवस सरले, कामं आटली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांनी वाद्यं बनवायला घेतली आणि हळूहळू गल्लीच वाद्यांची झाली. बातमी वाचून बाबा एवढंच म्हणाले, "हात चांगले होते त्यांचे. काम बदललं, हात तेच राहिले." आणि पेपरची घडी घातली. बाबांचे हात मात्र पंधरा वर्षं सिमेंटच्या गोण्या मोजून रजिस्टर भरत होते.

आता मुख्य काम आलं, पडद्यांच्या खाचा. सतारीचे पडदे सुतानं बांधलेले असतात. रागाप्रमाणे ते सरकवता येतात, चुकलं तर नीट करता येतं. गिटारचे पडदे लाकडात ठोकलेले. खाच एकदा पडली की पडली. सप्तकात बारा सूर, त्यामुळे दर पडद्याला तारेची लांबी ठरावीक पटीनं कमी होते. हिशोब सोपा आहे. उरलेली लांबी १७.८१७ नं भागायची, तेवढ्यावर पुढचा पडदा. ८६४ ला पहिला पडदा येतो ४८.४९ मिलिमीटरवर, बारावा बरोबर मध्यावर, ४३२ वर. मी पायथॉनमध्ये पाच ओळी लिहिल्या आणि वीस पडद्यांचे आकडे छापून घेतले.

मोजायला चांगली पोलादी पट्टी हवी होती. माझ्याकडची तीस सेंटिमीटरची, आणि ती दोनदा ठेवून मोजायची म्हणजे चूक आलीच. विसावा पडदा नटपासून ५९२ मिलिमीटरवर होता. तेव्हा मला माळ्यावरची पेटी आठवली. बाबा संध्याकाळी फिरायला गेले असताना मी ती उघडली. तेलात भिजवलेल्या फडक्यात पटाश्या, गुण्या, कानशी, आणि तळाशी साठ सेंटिमीटरच्या तीन-चार पोलादी पट्ट्या. त्यातली कमी गंजलेली एक घेतली. कोपऱ्यात काहीतरी कोरलेलं होतं, ते वाचता येत नव्हतं. मी वाचायचा प्रयत्नही केला नाही. खुणा स्पष्ट होत्या, तेवढं पुरे होतं. दोन रात्री जागून वीस खाचा पाडल्या. सगळी मापं नटच्या टोकापासूनच घेतली, एका पडद्यावरून दुसरा मोजला नाही. नाहीतर अर्ध्या केसाची चूक विसाव्या पडद्यापर्यंत बोटाएवढी होते. पेटी परत माळ्यावर गेली. पट्टी माझ्या टेबलावर राहिली.

मग पिकअप. चुंबकांभोवती केसाहून बारीक तांब्याची तार, हजारो वेढे. तार लॅमिंग्टन रोडवरून आणली, शिलाई मशीनच्या मोटरवर गुंडाळली. तीनदा तुटली. शेवटी जुलैच्या एका रात्री तारा चढवल्या, अँप्लिफायरला लावलं, आणि आवाज आला तो मधमाश्यांच्या पोळ्याचा. नुसती घरघर. तिचा इलाज पुस्तकात नाही, आमच्या मागच्या गल्लीत होता. आगरी-कोळ्यांच्या हळदीला वाजतो तो बेंजो तुम्ही ऐकला असेल. टाइपरायटरसारखी बटणं असलेलं हे वाद्य मूळचं जपानी. १९१२ मध्ये नागोयात तयार झालेलं ताइशोगोतो. आपल्याकडं आलं, बुलबुलतरंग झालं, आणि मग पोरांनी त्याला पिकअप लावून वरातीत नेलं. मागच्या गल्लीतले बेंजोवाले दादा घरघर ऐकून म्हणाले, "घोडीला अर्थिंग दे रे. जॅकला हात लावल्यावर आवाज कमी होतोय ना? मग तेच." घोडीखालून एक वायर काढून जॅकच्या अर्थला जोडली. घरघर गेली.

आणि मग खरी गोष्ट ऐकू आली. बेस बेसूर होता.

मोकळ्या तारा ट्यूनरवर बरोबर लागत होत्या. पण पडद्यावर बोट ठेवलं की सूर चढा. पाचव्या पडद्यावर थोडा, बाराव्यावर चांगलाच, सतरा सेंट. दोन लगतच्या सुरांत शंभर सेंट असतात, तेव्हा सतरा म्हणजे कानाला टोचणारं अंतर. घोडीवर प्रत्येक तारेखाली एक सरकता तुकडा असतो, तो मागे नेला की सूर उतरतो. चारही तुकडे मी शेवटापर्यंत मागे नेले. पुरलं नाही.

आधी मी कोड तपासला. बरोबर होता. मग टेप घेऊन बारावा पडदा मोजला. ४३२ हवा होता, होता ४३६.३. माझा हात हलला म्हणावं, तर बाकीचे मोजले. पहिला ४८.४९ ऐवजी जवळपास ४९. विसावा जवळपास ५९८. हाताची चूक कधी इकडं असते, कधी तिकडं. ही चूक मात्र शिस्तीत, शंभराला एक, पहिल्या खाचेपासून विसाव्यापर्यंत. मी टेबलावर बसून ते आकडे बघत होतो, तेव्हा पाणी प्यायला उठलेले बाबा दारात थांबले. त्यांची नजर बेसवर नव्हती, पट्टीवर होती.

"ही कुठून काढलीस?"

"माळ्यावरनं." बाकी काय सांगणार होतो!

त्यांनी पट्टी उचलली, अंगठ्यानं कोपऱ्यातला गंज घासला आणि माझी टेप शेजारी ठेवली. पट्टीवरचे साठ सेंटिमीटर टेपवर साठ सेंटिमीटर सहा मिलिमीटर भरले. आणि बाबा हसले. मोठ्यानं. आई उठून आली, रात्री साडेबाराला.

"ही बिडाची पट्टी आहे," ते म्हणाले.

बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना आकसतं. साधारण शंभराला एक. म्हणून पॅटर्न मूळ वस्तूपेक्षा तेवढा मोठा करावा लागतो. पण ड्रॉइंगवरच्या प्रत्येक मापात एक टक्का मिळवत बसलं तर दिवसात दहा चुका होतील. म्हणून पट्टीच ताणून बनवतात. तिच्यावर शंभर लिहिलेलं असतं, असतं एकशेएक. कारागिरानं ड्रॉइंग वाचायचं, पट्टी ठेवायची आणि निवांत काम करायचं. आकसण्याची सूट पट्टीनं आधीच दिलेली असते. ॲल्युमिनियम जास्त आकसतं, पोलाद त्याहून, दोन टक्क्यांपर्यंत. म्हणून पेटीत तीन-चार पट्ट्या. हे सगळं मी पहिल्या वर्षी पाठ करून परीक्षेत लिहिलं होतं. त्या विषयात मला मार्कही चांगले होते.

"म्हणजे दांडी वाया," मी म्हणालो.

"का? पडदे सगळे ह्याच पट्टीनं टाकलेस ना?"

"हो."

"आणि घोडी?"

"टेपनं."

"मग घोडी पण हिनंच लाव की."

मला कळायला मिनिटभर लागलं. पडद्यांचं गणित मिलिमीटरचं नाही, पटींचं आहे. बारावा पडदा अंतराच्या मध्यावर हवा, पाचवा पाव अंतरावर. अंतर ८६४ आहे की ८७२.६, याच्याशी सुराला देणंघेणं नाही. बेस चुकला होता तो पट्टीनं नाही. अर्धा त्यांच्या पट्टीनं आणि अर्धा माझ्या टेपनं मोजला म्हणून चुकला होता. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर असंच गेलं होतं. एका टीमचे आकडे पौंडात, दुसरीचे न्यूटनमध्ये, आणि मध्ये कुणी विचारलं नाही. ते उदाहरण मी स्वतः ऑफिसात नव्या मुलांना देतो.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. पेटी खाली आली. घोडीची पाच भोकं बुजवायला बाबांनी चौकटीच्या उरलेल्या तुकड्यातून सागाचे पाच डट्टे काढले. पटाशी धरताना त्यांचा हात आधी थरथरला, लाकडाला टेकल्यावर नाही. डट्टे ठोकले, वरून तासले, आणि बोट फिरवलं तर सांधा लागेना. मग त्यांनी ती पट्टी माझ्या हातात दिली आणि स्वतः बाजूला झाले. "तू मोज." बिडाच्या पट्टीवर आठशे चौसष्ट. पट्टी साठ सेंटिमीटरचीच, त्यामुळं साठावर सुरीनं बारीक खूण करून पुढचं मोजायचं होतं. ती खूण मात्र त्यांनी स्वतः केली. घोडी ८.६ मिलिमीटर मागे गेली. तार दाबली की जरा ताणते, त्यासाठी सरकत्या तुकड्यांना मागे पुरेशी जागा राहिली. म्हणजे तिथंही सूट द्यावीच लागते. संध्याकाळी तारा चढवल्या. बाराव्या पडद्यावर ट्यूनरचा काटा मधोमध उभा राहिला.

अँप्लिफायर न लावता बेस फार हळू वाजतो. बाबांनी धडावर तळहात ठेवला आणि म्हणाले, "वाजव." मी जाड तार सोडली. ती थांबेपर्यंत त्यांनी हात काढला नाही.

त्या वेळी मला वाटलं, आता सांगावं. म्हटलं, "बाबा, तो कॉलेजातला जॉब—"

"दोनशे रुपये," ते म्हणाले. नऊ वर्षं झाली होती. "राहिलाय तुझा तो."

त्यांनी चौकटीचा शेवटचा तुकडा चिरून दोन पट्ट्या केल्या आणि माझ्यापुढं ठेवल्या. सोबत गुण्या आणि पटाशी. आणि एक पोलादी पट्टी, जी त्यांनी आधी टेपशेजारी ठेवून तपासली. पहिला जॉइंट त्यांनी उजेडासमोर धरला. मधून ट्यूबलाइट दिसत होती. दुसऱ्यातून कमी. तिसरा बसवताना कोपरा उडाला. चौथा करेपर्यंत पुढचा रविवार उजाडला. तो त्यांनी उजेडाकडं धरला, उलटा केला, पुन्हा धरला. बोलले काहीच नाहीत. तसाच हातात घेऊन आईला दाखवायला स्वयंपाकघरात गेले.